प्रकरण एकोणीस : साळूबाई विंगेत बसल्या

शेखरचा फोन आला तेव्हा रूपाली नुकतीच शाळेतून परतली होती आणि पायरीवर चपला काढत होती.

"रूपालीताई, छायाताई तिकडेच आहेत ना? दोन दिवस फोन बंद लागतोय त्यांचा."

"आहेत की. आईंबरोबर मळ्यात झेंडू तोडतायत. दसरा आला ना, घरातलं एकही माणूस मोकळं नाही." रूपाली हसली. "का हो?"

शेखर हसला नाही. गेली पंधरा वर्षं तो छायाआत्यांच्या नाटकांची व्यवस्था बघत होता. घाटात बस बंद पडली, ऐन वेळी लाइट गेले, तरी त्याच्या आवाजात कधी काळजी जाणवायची नाही. आज जाणवत होती.

"त्यांचा मेसेज आलाय. रविवारचा प्रयोग रद्द कर, एवढाच. नाशिकला, कालिदास नाट्यगृहात प्रयोग आहे हो, शंभरावा, तोही त्यांच्या गावात. बुकिंग सोमवारीच संपलं."

"असं कसं? इथं तर ठणठणीत आहेत. कालच पाच भाकऱ्या थापल्या."

"मिरजेला काय झालं ते बोलल्या नाहीत वाटतं. दुसऱ्या अंकात त्या अडल्या. वाक्यच आठवेना. पाऊण मिनिट नुसत्या उभ्या होत्या. स्टेजवर पाऊण मिनिट म्हणजे किती असतं, तुम्हाला काय सांगू. बरोबरच्या रविराजनं सांभाळून घेतलं. लोकांना कळलंही नाही. पण त्यांना कळलं ना."

फोन ठेवल्यावर रूपाली पायरीवरच बसून राहिली. आत्या आठ दिवसांपूर्वी मखमलाबादच्या या घरी आल्या होत्या. तशा त्या दर नव्या नाटकाआधी यायच्या, पाठांतराला. या वेळी नवं नाटक नव्हतं आणि हे कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. काल सकाळी त्यांनी दोनदा विचारलं होतं, दसरा कोणत्या वारी गं? रूपालीनं दोनदा सांगितलं होतं आणि पुढच्या कामाला लागली होती.

चहाच्या वेळी सगळे ओट्यावर जमले. तिचा नवरा ज्ञानेश फुलबाजारातून आला होता. सासरे, रंगनाथअण्णा, भिंतीला टेकून पाय लांब करून बसले होते. सासूबाई, साळूबाई, आणि आत्या हात धुऊन आल्या, तरी दोघींच्या बोटांना झेंडूचा पिवळेपणा होताच. रूपालीनं कप हातात दिला आणि आडपडदा न ठेवता म्हणाली,

"आत्या, शेखरचा फोन आला होता."

"चुगलखोर मेला!" आत्या मालिकेतल्या सासूच्या आवाजात म्हणाल्या. गेली चार वर्षं त्या टीव्हीवर एका कजाग सासूचं काम करत होत्या. ते इतकं रंगलं होतं की बाजारात बायका साळूबाईंना थांबवून सांगायच्या, तुमच्या नणंदेला जरा समजवा, त्या सुनेला लय छळते. सगळे सवयीनं हसले. मग आत्याच हसत नाहीत हे पाहून थांबले.

त्यांनी सगळं सांगितलं. मिरजेचं, त्यानंतर मुंबईतल्या डॉक्टरांकडे जाऊन आल्याचं. "डॉक्टर म्हणाले, सुरुवात आहे. हळूहळू वाढेल. मी विचारलं, किती हळू? म्हणाले, ते नाही सांगता येत." त्यांनी चहाचा घोट घेतला. "मालिकेत काही अडत नाही. दोन वाक्यं बोलायची, कट. पण नाटक सलग असतं. तिथं कुणी कट म्हणत नाही."

"मग बास झालं आत्या," ज्ञानेश म्हणाला. लहानपणी तो सुट्टीत तिच्या दौऱ्याच्या बसमध्ये जाऊन झोपायचा, ओरडा खाऊनही उतरायचा नाही. "पन्नास वर्षं केलंस. प्रायोगिक केलं, लोकनाट्य केलं. त्या विनोदी नाटकाचे साडेसातशे प्रयोग केलेस. सिनेमात धुणंवाली झालीस, हेडमास्तरीण झालीस, अर्ध्या हिरोंची आई झालीस. आता कुणाला काय दाखवायचंय? आणि नाशिकमध्ये सगळी आपली माणसं येणार. तिथं तू अडलीस तर मला बघवणार नाही."

"तुम्हाला बघवणार नाही म्हणून त्यांनी थांबायचं?" रूपालीच्या तोंडून निघून गेलं.

"तसं नाही म्हणत मी."

"तसंच म्हणताय."

रूपालीनं आधाराला सासूबाईंकडे पाहिलं. आत्यांची बाजू घ्यायची वेळ आली की त्या कधी मागे राहायच्या नाहीत. पण आज साळूबाई मान खाली घालून बोटं चोळत होत्या.

"ग्यानू बोलतो ते बराबर हाय," त्या हळूच म्हणाल्या. "नका जाऊ ताई. लोकं हसली तर मला सोसायचं नाय."

तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला, "करू द्या की तिला."

सगळ्यांनी वळून पाहिलं. अण्णा बहिणीच्या नाटकाविषयी कधीच काही बोलत नसत. ती आली की तिला आवडतात म्हणून वांगी काढून आणायचे, निघाली की स्टँडपर्यंत बॅग न्यायचे. पण नाटकाचा विषय निघाला की उठून बैलांकडे जायचे. बैल जाऊन ट्रॅक्टर आला, तरी उठून जायचेच.

"तुम्ही कशाला बोलताय अण्णा?" ज्ञानेशला राग आवरला नाही. "तिचं एक तरी नाटक बघितलंय का तुम्ही?"

अण्णांनी कप खाली ठेवला. चपला पायात सरकवल्या आणि मळ्याच्या वाटेला लागले. साळूबाई लेकाकडे अशा बघू लागल्या की त्याला तोंडातला चहा गिळवेना.

०

रंगनाथ रात्रभर कूस बदलत होता आणि उजाडताच झेंडूत आला. बाया यायला अजून वेळ होता. दव पडलेल्या सरीत छाया आधीच वाकून फुलं तोडत होती. साडीचा काचा मारलेला, डोक्याला त्याचाच जुना गमछा. टीव्हीवर दिसते ती बाई ही नव्हेच, असं त्याला वाटलं. ही त्याच्या मागं मागं फिरणारी छाया होती.

तो शेजारच्या सरीत शिरला. बराच वेळ दोघं नुसती तोडत राहिली.

"ग्यानूचं मनाला लावून घेऊ नको दादा," ती म्हणाली.

"खोटं कुठं बोलला तो." त्यानं मूठभर फुलं पाटीत टाकली. "मी बघितलंय. एक. अर्धं."

छायाचा हात थांबला. पन्नास वर्षांत त्या दिवसाबद्दल दोघं कधीही बोलली नव्हती.

ते साल चौऱ्याहत्तर होतं. छाया वीस वर्षांची, कॉलेजात. शहरातल्या एका शाळेच्या सभागृहात नाटकांची स्पर्धा चालू होती. आपली पोरगी तोंडाला रंग लावून परक्या माणसांसमोर उभी राहिलीय, हे वडिलांना, खंडेरावांना, कुणीतरी येऊन सांगितलं. खंडेरावांनी रंगनाथाला एवढंच म्हटलं, "जा, घिऊन ये तिला." तो सायकलवर गेला. सभागृहात शिरला तेव्हा नाटक शेवटाला आलं होतं. बापानं म्हाताऱ्याशी लग्न ठरवलं म्हणून एक मुलगी धान्याच्या खोलीत स्वतःला कोंडून घेते. तीन दिवस उपाशी. बाहेर सगळं गाव. आणि ती आतून बोलत असते, आईशी, बापाशी, एकेकाशी. रंगनाथ भिंतीशी उभा राहून ऐकू लागला. किती वेळ, ते त्याला कळलं नाही. मग ती मुलगी उठून दाराच्या कडीला हात घालते, आणि त्याला एकदम बापाचा शब्द आठवला. तो धावत स्टेजवर चढला आणि तिचं मनगट धरून तिला सगळ्यांसमोर खाली ओढलं.

महिन्यानं ती पुण्याला निघून गेली. खंडेरावांनी मरेपर्यंत तिचं नाव घेतलं नाही. पुढं आई गेली तेव्हा ती आली आणि मग येतच राहिली. पण खंडेरावांचा शब्द कुणी बदलला नाही आणि रंगनाथाचा हात कुणी विसरलं नाही. तो स्वतः तर नाहीच.

"छाये," तो म्हणाला. तो खाली बघत होता. "ते नाटक... मी बंद पाडलेलं. त्या पोरीचं पुढं काय व्हतं?"

"काय?"

"कडीला हात घातला तिनं. मग? उघडती का नाय? पन्नास वर्सं झाली, मला ठावं नाय. कुणाला विचारायचं? तुला विचारायचं तर तोंड नाय."

छाया त्याच्याकडे बघत राहिली. शहात्तर वर्षांचा माणूस, हातात झेंडूची फुलं, आणि डोळ्यांत पोरासारखी घाई. तिला हसू आलं आणि रडूही आलं. मग ती सरीत ताठ उभी राहिली, डोक्याचा गमछा सोडला आणि बोलू लागली.

कडीच्याही आधीपासून, त्यानं भिंतीशी उभं राहून ऐकलं होतं तिथपासून. आईशी बोलली, ते बोलताना तिचा आवाज वीस वर्षांच्या पोरीचा झाला. बापाशी बोलली. रंगनाथाला वाटलं, ती आपल्याशीच बोलतेय, आणि त्यानं मान वर केली नाही. शब्दामागून शब्द येत होते. कुठं अडत नव्हते, चाचपडत नव्हते. शेवटी तिनं हवेतली कडी काढली, दार उघडलं, एक पाऊल बाहेर टाकलं आणि समोरच्या साऱ्या गावाकडे बघून म्हणाली,

"मला भूक लागलीय. आधी वाढा. मग भांडू."

"आन् मग?" रंगनाथनं विचारलं.

"मग पडदा."

"एवढंच?"

"एवढंच."

तो फतकल मारून सरीतच बसला. "तू बी आली असतीस की," तो म्हणाला. "दार उघडून. मीच मधी घुसलो."

छाया त्याच्याजवळ बसली. चिखलाची पर्वा न करता त्याच्या खांद्याला टेकली. "आले की दादा. उशिरा आले. वांगी खाल्ली ना तुझी इतकी वर्षं."

पलीकडच्या सरीतून नाक ओढल्याचा आवाज आला. साळूबाई उभ्या होत्या, कधीपासून ते त्यांनाच ठाऊक.

"एक शब्द चुकला नाय," त्या म्हणाल्या. त्यांचं बोलणं छायाला होतं, नवऱ्याला नाही. त्या वर्षी त्या नव्या नवरी होत्या, सातवी शिकलेल्या. सासऱ्यांना चोरून रोज याच मळ्यात छायानं त्यांच्या हातात वही दिली होती. ती फुलं तोडत बोलायची, त्या वहीत बोट ठेवून ऐकायच्या. पुढं प्रत्येक नाटकाचं तेच झालं. "सगळं हाय डोक्यात. वाट अडती, एवढंच. मंग कुणीतरी वाट दाखवाया पायजे."

"प्रॉम्प्टर हल्ली कुणी ठेवत नाही वहिनी. आणि काल तर तूच म्हणालीस, नका जाऊ."

"काल म्हणले. आज म्हणते, जा." साळूबाईंनी पदरानं नाक पुसलं. "आन् मी बसते तिथं, वही घिऊन. दुसरं कुणी नको. तुमचा श्वास कुठं अडतो, ते मला कळतं."

छायानं कनवटीला खोचलेला फोन काढला आणि चालू केला.

०

रविवारी चार वाजता तिसरी घंटा झाली आणि पडदा उघडण्याआधी छाया एकटीच पुढे आली. निवृत्त नर्सची पांढरी साडी, जाड भिंगाचा चष्मा. टाळ्या थांबेपर्यंत ती उभी राहिली. भूमिकेशिवाय लोकांसमोर बोलताना तिला नेहमी घाम फुटायचा, तसा आताही फुटला होता.

"नमस्कार. एक सांगायचंय, मग सुरू करू," ती म्हणाली. "माझी आठवण आता दगा देते. औषध चालू आहे, पण औषधाचा वेग आणि माझा वेग जमत नाही. ज्यांना वाटतं की अशा बाईनं काम करू नये, त्यांचं म्हणणं चूक नाही. मलाही परवापर्यंत तसंच वाटत होतं. पण माझी वहिनी विंगेत संहिता घेऊन बसलीय. मध्येच दोन आवाज ऐकू आले तर समजून घ्या. एक माझा, एक तिचा."

तिसऱ्या रांगेत ज्ञानेश आणि रूपाली बसले होते. त्यांच्यामध्ये दादा होता, इस्त्रीचा सदरा, टोपी काढून मांडीवर ठेवलेली. तिनं ओळखीचा एकच चेहरा शोधायचं ठरवलं होतं. तो दिसल्यावर ती आत वळली.

पहिला अंक पाण्यासारखा गेला. ही नर्स आयुष्यभर तालुक्याच्या दवाखान्यात बाळंतपणं करत आलेली, बिनलग्नाची, आणि आता घरातल्या तरुण भाडेकरूशी भांडणारी. भाडेकरू म्हणजे रविराज. छाया चिडत होती, लाजत होती, चोरून जिलबी खात होती आणि लोक हसत होते. ती अंगातून हलकी झाली. आजचा दिवस निघून जाईल, असं तिला वाटलं. वाटलं तिथंच चुकलं.

दुसऱ्या अंकात भाडेकरू तिला टाकून बोलतो, तुम्हाला काय कळणार आईचं मन? तिनं हातातला रुमाल खाली ठेवला, त्याच्याकडे पाहिलं आणि सुरुवात केली,

"खरं आहे. मी कुणाची आई नाही. पण..."

आणि पुढे काहीच नव्हतं. मिरजेला झालं तसंच. वाक्य होतं त्या जागी पांढरी भिंत होती. रविराजच्या कपाळावर घाम दिसला. तिसऱ्या रांगेत कुणीतरी हाताची मूठ तोंडाशी नेली. तो ज्ञानेश होता.

०

साळूबाई विंगेतल्या लोखंडी खुर्चीवर बसल्या होत्या. मांडीवर संहिता, नाकावर चष्मा, बोट ओळीवर. दीड तास त्यांचं बोट हललं तेवढंच. डोळे स्टेजवर होते. रविराजचं ते बोलणं ऐकून त्यांचा जीव इतका कळवळला की बोट कुठं होतं हेच त्या विसरल्या.

मग त्यांना छायाताईंचा श्वास थांबलेला ऐकू आला.

त्यांनी खाली पाहिलं. अक्षरं डोळ्यांतल्या पाण्यात पोहत होती. शेखरनं दहादा बजावलं होतं, हळू बोला, ओठांतल्या ओठांत. पण साळूबाईंनी चाळीस वर्षं फुलबाजारात पाट्यांमागं उभं राहून भाव ओरडले होते. त्यांना हळू बोलताच येत नव्हतं. आणि त्यांना वाचायचीही गरज नव्हती. मळ्यात आठ महिन्यांपूर्वी हे वाक्य त्यांनी पंधरा वेळा ऐकलं होतं.

"पण या तालुक्यातल्या अर्ध्या माणसांचं पहिलं रडणं मी ऐकलंय!"

शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. मग कुठंतरी कुणी फिस्सकन हसलं आणि ते हसू पसरू लागलं. साळूबाईंनी जीभ चावली. झालं, त्यांच्या मनात आलं, हसले. मी हसवलं त्यांना.

स्टेजवर छायाताई संथपणे विंगेकडे वळल्या. कमरेवर हात ठेवून, त्या नर्सच्याच तोऱ्यात म्हणाल्या,

"अगं हो! विसरायला झालंय, बहिरी नाही झाले अजून!"

आता सारं सभागृह मोकळं होऊन हसलं आणि टाळ्या वाजू लागल्या. छायाताईंनी त्या वाजू दिल्या. मग हात जरा वर केला. टाळ्या आपोआप निवल्या. त्या रविराजकडे वळल्या तेव्हा चेहऱ्यावर हसू कुठं उरलं नव्हतं.

"मी कुणाची आई नाही. पण या तालुक्यातल्या अर्ध्या माणसांचं पहिलं रडणं मी ऐकलंय."

तेच शब्द. पण साळूबाईंच्या अंगावर काटा आला. समोर अंधारात कुणी खोकललंही नाही. पुढचं सगळं त्या सलग बोलल्या, पानभर. साळूबाईंनी बोट पुन्हा ओळीवर ठेवलं आणि शेवटपर्यंत उचललं नाही. आणखी एकदा अडलं, तेव्हा त्यांना ओठांतल्या ओठांत सांगणं जमलं. निदान त्यांना तसं वाटलं. पहिल्या चार रांगांना ऐकू गेलं, हे रूपालीनं नंतर सांगितलं.

पडदा पडल्यावर मेकअपच्या खोलीत माणसं मावेनात. ज्ञानेश दारातच आत्याला मिठी मारून उभा राहिला. "मला बघवलं," एवढंच म्हणाला. रूपालीनं त्याच्या पाठीत धपका घातला. मग रंगनाथ आला. त्यानं टोपी डोक्यावर नीट बसवली, बहिणीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि साळूबाईंना म्हणाला, "तू तर बाजारच भरवला आतमंदी." आणि वळून बाहेर गेला. खोलीबाहेर बराच वेळ त्याचं नाक शिंकरणं ऐकू येत होतं.

गर्दी निवळल्यावर शेखर आत आला, हातात डायरी. "पुढच्या महिन्यात निफाड आणि दिंडोरी विचारतायत, मग पुणे. मी काय सांगू?"

"बाहेर थांब जरा," छायाताई म्हणाल्या.

दार लोटलं गेलं. दोघीच उरल्या. साळूबाई तेल लावलेल्या कापसानं त्यांच्या गालावरचा रंग पुसू लागल्या.

"वहिनी, खरं सांगशील?"

"काय?"

"पुढे हे वाढणार आहे. आज दोनदा अडले, उद्या दहादा अडेन. लोक टाळ्या वाजवतील, दया म्हणून वाजवतील, आणि मला ते कळायचंही नाही. शेखर सांगणार नाही, ग्यानूला सांगवणार नाही." त्यांनी साळूबाईंचा हात धरून ठेवला. "ज्या दिवशी थांबायचं, त्या दिवशी तू सांगायचंस. आडवळणानं नाही, सरळ. तू सांगितलंस तर मी मानेन."

साळूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. अर्धा चेहरा नर्सचा होता, अर्धा त्यांच्या नणंदेचा. त्यांनी हात सोडवून घेतला आणि उरलेला गाल पुसायला घेतला.

"सांगीन," त्या म्हणाल्या. "सरळ सांगीन."

कपाळावरचा रंग निघाला, हनुवटीवरचा निघाला.

"आज नाय."